पस्तीस डॉलरच्या संगणकाचा प्राण



घरातील संगणक म्हटला की टेबलाखालची ती जड पेटी, तिच्यातील पंख्याची अखंड घरघर आणि टेबलावरचा मॉनिटर असे चित्र अनेक वर्षे आपल्या मनात ठसलेले आहे. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फाउंडेशनने विक्रीस आणलेल्या एका वस्तूने या चित्राला छेद दिला. एटीएम कार्डाएवढे एक हिरवे बोर्ड. त्याला ना पेटी, ना कळफलक, ना हार्ड डिस्क, ना पंखा. किंमत ३५ डॉलर. घरातला दूरचित्रवाणी संच पडदा म्हणून जोडावा, यूएसबीचा कळफलक आणि माउस लावावा, मोबाइलच्या चार्जरसारख्या अडॅप्टरमधून वीज द्यावी आणि कामाला बसावे, अशी ही योजना. पहिल्याच दिवशी मागणीचा लोंढा असा काही आला की विक्री करणाऱ्या दोन्ही कंपन्यांची संकेतस्थळे कोलमडून पडली.

तथापि ज्यांनी नुसते बोर्ड घरी आणून त्याला वीज जोडली, त्यांना काय दिसले? एक तांबडा दिवा आणि काळा पडदा. त्या बोर्डावर स्वतःची अशी ऑपरेटिंग सिस्टीम नसतेच. ती कॅमेऱ्यात वापरतात तसल्या एसडी कार्डावर उतरवून घ्यावी लागते आणि ते कार्ड खाचेत सरकवावे लागते. मग त्या हिरव्या तुकड्यात प्राण येतो. म्हणूनच असे बोर्ड शाळेत किंवा घरात खरा संगणक म्हणून वर्षानुवर्षे चालेल, की दोन वर्षांत कपाटातील अडगळ होईल, याचा निर्णय त्याच्या किमतीवरून होत नाही. वेगावरूनही फारसा होत नाही. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम कोण घडवतो, किती काळ सांभाळतो आणि तिची मूळ संहिता कोणाच्या हाती असते, यावरून तो होतो. स्वस्त यंत्र बाजारात कोणीही आणू शकतो. ते जिवंत ठेवण्याचे काम वेगळे असते, आणि ते करणारी माणसेही बहुधा वेगळीच असतात.

या बोर्डाच्या मध्यभागी बसलेला प्रोसेसर आर्म जातीचा आहे. आर्म म्हटले की आज कोणालाही मोबाइल आठवतो. वस्तुतः त्याचा जन्म मेजावरच्या संगणकासाठीच झाला होता. १९८१च्या अखेरीस केंब्रिजमधील एकॉर्न या छोट्या कंपनीने बीबीसी मायक्रो हा संगणक बाजारात आणला. बीबीसीने हाती घेतलेल्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी तो निवडला गेला होता आणि ब्रिटनमधील बहुसंख्य शाळांत तो जाऊन बसला. त्यानंतरच्या संगणकासाठी पुरेसा चांगला प्रोसेसर बाजारात मिळेना, तेव्हा एकॉर्नने तो स्वतःच रचण्याचे ठरवले. सोफी विल्सन यांनी त्याचा आज्ञासंच आखला, स्टीव्ह फर्बर यांनी त्याची अंतर्गत रचना केली. मोठ्या कंपन्यांकडे होती तशी साधने आणि मनुष्यबळ त्यांच्याकडे नव्हते. नव्या प्रोसेसरची प्रतिकृती विल्सन यांनी बीबीसी मायक्रोवरच, शाळकरी मुले शिकत त्या बेसिक भाषेत लिहिली होती.

२६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप तयार होऊन आली आणि त्याच दिवशी चालली. तिच्यात सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ८०३८६मध्ये २ लाख ७५ हजार. त्या चाचणीतील एक प्रसंग मोठा मनोरंजक आहे. चिप किती वीज घेते हे पाहण्यासाठी फर्बर यांनी मापक जोडला, तर काटा शून्यावर! चिप मात्र व्यवस्थित काम करत होती. शोध घेता लक्षात आले की बोर्डावर चिपला वीज पुरवणारी जोडणीच झालेली नव्हती. शेजारच्या चिप्सकडून येणाऱ्या संकेतांतून जी किरकोळ वीज झिरपत होती, तेवढ्यावर ती चालली होती. कमी वीज लागावी हा रचनाकारांचा उद्देश एवढाच होता की चिप स्वस्त प्लॅस्टिकच्या आवरणात बसावी. त्या काटकसरीने पुढे सारे जग व्यापले. १९८७मध्ये या प्रोसेसरवर आर्किमिडीज हा डेस्कटॉप संगणक आला. १९९०मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही स्वतंत्र कंपनी काढली. ही कंपनी चिप्स विकत नसे, आराखड्यांचे परवाने विकत असे. बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलला असाच मितव्ययी प्रोसेसर हवा होता. अशा रीतीने मेजासाठी जन्मलेला आर्म खिशात गेला आणि मेजावर त्याची जागा इंटेल व विंडोज या जोडीने घेतली.

२००६च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राच्या प्रवेशाचे काम पाहणाऱ्या एबेन अप्टन यांना एक गोष्ट खटकू लागली. येणाऱ्या मुलांची संख्या घटत होती आणि पूर्वीच्या मुलांना घरच्या संगणकावर खटपट करून जे आधीच येत असे, ते या मुलांना येत नव्हते. घरोघरी संगणक होते, पण ते वापरण्यासाठी होते, उघडून पाहण्यासाठी नव्हते. बीबीसी मायक्रोवर वाढलेल्या पिढीची जागा घेणारे यंत्र हवे, या विचारातून रास्पबेरी पायचा जन्म झाला. नवी चिप घडवण्याचा खर्च परवडणारा नव्हता. अप्टन ब्रॉडकॉम या कंपनीत काम करत होते आणि तेथील बीसीएम २८३५ ही चिप त्यांना उपयुक्त वाटली. ती मुळात चलच्चित्रे दाखवणाऱ्या उपकरणांसाठी घडवलेली होती. तिच्यात चित्रांचा प्रोसेसर हा यजमान आणि आर्म हा जणू पाहुणा. वीज दिल्यावर आधी चित्रांचा प्रोसेसर जागा होतो, एसडी कार्डावरील आपल्या फाइली वाचतो आणि मग आर्मला उठवून कामाला लावतो. घरचा कर्ता नंतर उठावा आणि धाकट्याने घर उघडावे, असा हा उलटा संसार.

आता मूळ अडचणीकडे वळू. घरातल्या विंडोजची सीडी या बोर्डाला का चालत नाही? प्रोग्रॅमर जे लिहितो ती मूळ संहिता. ती प्रोसेसरला समजेल अशा आज्ञांत उतरवावी लागते, यालाच कम्पाइल करणे म्हणतात. इंटेलच्या आज्ञा वेगळ्या, आर्मच्या वेगळ्या. पेशवेकालीन मोडी कागद आठवावा. भाषा अस्सल मराठी, मजकूर कदाचित आपल्याच गावचा, पण केवळ बाळबोध शिकलेल्या माणसाला त्यातले अक्षरही लागत नाही. लिप्यंतर करायचे तर कागद हातात असावा लागतो. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कंपनीच्या तिजोरीत बंद असते, त्याचे आर्मसाठी लिप्यंतर फक्त ती कंपनीच करू शकते, आणि तिला त्यात लाभ दिसला तरच ती ते करते. मुक्त सॉफ्टवेअरचे मात्र तसे नाही. लिनक्स, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स यांची संहिता सर्वांसमोर उघडी असल्यामुळे कोणीही उठून ती आर्मसाठी कम्पाइल करू शकतो. एकफलकी आर्म संगणकांवर डेस्कटॉप म्हणजे जवळजवळ नेहमीच लिनक्स, याचे कारण हे आहे.

पण ‘कोणीही करू शकतो’ हे म्हणणे सोपे. २०१२मध्ये ते कोणी केले, हे पाहण्यासारखे आहे.

डेबियन ही १९९३पासून स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सची मोठी परंपरा. तिची आर्मसाठी तेव्हा दोन रूपे होती. एक जुन्या प्रोसेसरांसाठी. त्यात दशांश अपूर्णांकांचे गणित करणाऱ्या वेगळ्या मंडलाचा नीट उपयोग होत नसे. दुसरे रूप ते मंडल गृहीत धरणारे आणि वेगवान, पण त्याला आर्मची सातवी पिढी लागे. रास्पबेरी पायचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा, आणि गणिताचे मंडल मात्र त्यात होते. म्हणजे जुने रूप चालत होते, पण यंत्राची शक्ती वाया जात होती. नवे रूप चालतच नव्हते. उबुंटूने तर सहाव्या पिढीची साथ २०१०मध्येच सोडली होती. या सांध्यात अडकलेल्या यंत्रासाठी माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन या दोघांनी डेबियनची सगळी पॅकेजे नव्याने कम्पाइल करायला घेतली. फाउंडेशनचे ते नोकर नव्हते. छोट्या आर्म बोर्डांचा ताफा मांडून रात्रंदिवस काम चालवत त्यांनी जून २०१२पर्यंत ३५ हजारांहून अधिक पॅकेजे तयार केली. एखादे पॅकेज तासन् तास चालून शेवटी अडावे, त्याची चूक शोधावी, पुन्हा लावावे, असे ते काम होते. रास्पबियन या नावाने ती ऑपरेटिंग सिस्टीम प्रसिद्ध झाली आणि फाउंडेशनने तीच सर्वांना शिफारसली. लाखो मुलांनी या बोर्डावर पहिला प्रोग्रॅम लिहिला तो या दोघांच्या खांद्यावर उभे राहून. त्यांची नावे बोर्डाच्या खोक्यावर कुठेही छापलेली नव्हती.

त्या पहिल्या बोर्डात २५६ मेगाबाइट स्मृती होती आणि प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा. हलकासा एलएक्सडीई डेस्कटॉप उघडे, पत्र लिहिता येई, मुलांना पायथन शिकता येई. पण ब्राउझरमध्ये दोन संकेतस्थळे उघडली की चहा करून यावे एवढा वेळ लागे. ही स्थिती टप्प्याटप्प्याने पालटली. २०१५च्या दुसऱ्या आवृत्तीत चार गाभ्यांचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आला, २०१६मध्ये ६४-बिटचा. जून २०१९मधील चौथ्या आवृत्तीने ४ गीगाबाइटपर्यंत स्मृती आणि दोन पडद्यांची सोय दिली. तिथून पुढे याला खऱ्या अर्थाने डेस्कटॉप म्हणता येऊ लागले. ऑक्टोबर २०२०मध्ये उबुंटूने आपला पूर्ण डेस्कटॉप या बोर्डासाठी अधिकृतपणे दिला. पुढच्याच महिन्यात कळफलकातच सारा संगणक बसवलेला रास्पबेरी पाय ४०० आला, आणि बीबीसी मायक्रोची आठवण ठेवणाऱ्यांना गहिवरून यावे अशीच त्याची घडण होती. २०२३च्या पाचव्या आवृत्तीचा प्रोसेसर २.४ गीगाहर्ट्झचा आहे. सामान्य घरातील लेखन, वाचन, हिशोब, चलच्चित्रे यांसाठी तो पुरेसा आहे.

आता ज्या प्रश्नाने या क्षेत्रातील जाणकारांची सर्वाधिक झोप उडवली, तो पाहू. इंटेलच्या कुठल्याही संगणकात लिनक्सची एकच सीडी घातली तरी ती चालते. मग संगणक पुण्यातल्या दुकानात जोडलेला असो वा परदेशातून आलेला असो. कारण १९८१च्या आयबीएम पीसीपासून या जातीत काही रीती रूढ झाल्या आहेत. बायोस ही अंगभूत व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टीमला हाताला धरून आत आणते, आणि आतील प्रत्येक भाग ‘मी अमुक, माझा पत्ता तमुक’ असे स्वतःच सांगतो. जणू प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी लावलेला वाडा. आर्मच्या जगात अशा पाट्या नव्हत्या. मोबाइल बनवणारा कारखाना आपल्या एका मॉडेलपुरती चिप आणि एका मॉडेलपुरते सॉफ्टवेअर घडवत होता. पाटी लावणार कोणासाठी? त्यामुळे यूएसबीचा नियंत्रक कुठे, दिवा कोणत्या तारेवर, स्मृती किती, हे सगळे लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, प्रत्येक बोर्डासाठी हाताने लिहून ठेवावे लागे. बोर्डांची संख्या वाढली तसा त्या मजकुराचा अक्षरशः उकिरडा झाला. मार्च २०११मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी आर्मच्या मंडळींना जाहीरपणे खडे बोल सुनावले.

त्या बोलण्याचा परिणाम झाला. पॉवरपीसी संगणकांवर आधीपासून रुळलेली डिव्हाइस ट्री ही पद्धत आर्मसाठी स्वीकारण्यात आली. बोर्डाचा नकाशा एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये लिहायचा, कर्नल एकच ठेवायचा आणि सुरू होताना नकाशा त्याच्या हाती द्यायचा. नवा भाडेकरू घरात शिरतो तेव्हा मालकाने दिव्याच्या कळा आणि नळाचा कॉक कुठे आहे याची चिठ्ठी द्यावी, तसे हे आहे. ही चिठ्ठी लिनक्सच्या मुख्य संहितेत जमा झालेली असेल, तर पुढच्या प्रत्येक आवृत्तीत ते बोर्ड आपोआप चालत राहते. चिठ्ठी फक्त विक्रेत्याच्या खिशात असेल, तर विक्रेत्याचा उत्साह संपला त्या दिवशी बोर्डाचे भवितव्यही संपले.

हा धोका काल्पनिक नाही. रास्पबेरी पायच्या यशानंतर बाजारात त्याहूनही स्वस्त बोर्डांची रांग लागली. त्यांतील अनेक बोर्डांवर ऑलविनर, रॉकचिप अशा चिनी कंपन्यांच्या, मूलतः टॅब्लेट आणि टीव्ही-पेट्यांसाठी घडवलेल्या चिप्स होत्या. कागदावरची त्यांची क्षमता डोळे दिपवणारी. परंतु सोबत मिळणारा लिनक्सचा गाभा बहुधा अँड्रॉइडसाठी एकदा जुळवलेला आणि तिथेच गोठलेला असे. ऑलविनरच्या चिप्सवर २०१२मधील ३.४ क्रमांकाचा कर्नल पुढे कित्येक वर्षे फिरत राहिला. २०१६मध्ये त्यात एक थक्क करणारी गोष्ट आढळली. कंपनीच्या अभियंत्यांनी चाचणीसाठी ठेवलेले एक दार बंद करायचे राहूनच गेले होते. यंत्रावरील कुठल्याही सामान्य प्रोग्रॅमने एका ठराविक फाइलमध्ये ‘रूटमायडिव्हाइस’ एवढा एक शब्द लिहिला, की त्याला संपूर्ण यंत्राचे स्वामित्व मिळे! कुलूप भक्कम, आणि किल्ली पायपुसण्याखाली. हे उघडकीस आले ते संहिता वाचायला मिळाली म्हणून, आणि ते मांडले अशा बोर्डांसाठी आर्मबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी. त्याच चिप्सना लिनक्सच्या मुख्य संहितेत आणण्याचे कष्टही लिनक्स-सनशी या नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे उपसले. माल विकला कंपनीने, संसार सांभाळला परक्यांनी.

पडद्यावरील चित्रांचे दुखणे याहून चिवट. डेस्कटॉपवर खिडकी सरकवली तरी ती सफाईने सरकावी, चित्रपट अडखळू नये, यासाठी चित्रांच्या प्रोसेसरला चालवणारा ड्रायव्हर लागतो. आर्मच्या जगात हे ड्रायव्हर बहुधा बंद पेटीत येत. आतले काही दिसत नसे, आणि कर्नलची आवृत्ती बदलली की ते निकामी. अनेक स्वस्त बोर्डांवर माली या जातीचा चित्रांचा प्रोसेसर असतो. त्याची माहिती खुली नव्हती, म्हणून काही प्रोग्रॅमरांनी त्याच्या वागण्याचे निरीक्षण करून, उलट्या मार्गाने, ड्रायव्हर लिहिले. जुन्या मालीसाठी लिमा आणि नव्यासाठी पॅनफ्रॉस्ट हे दोन्ही २०१९मध्ये लिनक्सच्या ५.२ आवृत्तीत दाखल झाले. ब्रॉडकॉमने फेब्रुवारी २०१४मध्ये आपल्या चित्र-प्रोसेसरची माहितीपत्रके खुली केली, आणि त्याच वर्षी एरिक अँहोल्ट हे अनुभवी प्रोग्रॅमर मुक्त ड्रायव्हर लिहिण्यासाठी त्या कंपनीत रुजू झाले. रास्पबेरी पायच्या टिकाऊपणात या निर्णयाचा वाटा फार मोठा आहे. तरीही न्यायाने सांगितले पाहिजे की सुरुवातीला बोर्डाला जागवणाऱ्या फाइली आजही बंदच आहेत. पूर्ण मोकळीक इथेही नाही.

विंडोजचे काय, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतोच. २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या रास्पबेरी पायसाठी विंडोज १० आयओटी कोअर मोफत दिले तेव्हा अनेकांचा समज झाला की आता घरची विंडोज इथे चालणार. प्रत्यक्षात त्यात डेस्कटॉपच नव्हता. ती यंत्रे आणि उपकरणे चालवण्यासाठीची व्यवस्था होती. पुढे काही खटपट्या मंडळींनी बायोससारखी पाट्या लावणारी व्यवस्था या बोर्डासाठी लिहिली आणि आर्मची खरी विंडोज त्यावर उघडून दाखवली. कौतुक करावे असेच ते काम. पण अंगभूत वाय-फाय आणि चित्र-प्रोसेसर यांचे ड्रायव्हर नसल्याने ते रोजच्या उपयोगाचे झाले नाही. आर्किमिडीजची जुनी रिस्क ओएस मात्र २०१२मध्येच या बोर्डावर आली आणि २०१८मध्ये तिची संहिता खुली झाली. छंद म्हणून पाहायला ती छान आहे, आणि वेगाने लिनक्सला लाजवते.

ज्या घरात किंवा शाळेत असे बोर्ड आणण्याचा विचार असेल, त्यांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. व्यापाऱ्यांची टॅली विंडोजवर चालते, इथे नाही. मराठी मुद्रण व्यवसायाने वर्षानुवर्षे वापरलेली श्रीलिपी हीदेखील विंडोजची. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर इथे उघडला तर अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसेल. तो आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा लागतो. इंटेलचे प्रोग्रॅम आर्मवर दुभाष्यामार्फत चालवण्याच्या युक्त्या आहेत, पण दुभाष्यामुळे संभाषण रेंगाळते हे ओघाने आलेच.

वीजपुरवठा ही दुसरी बाब. मोबाइलचा जुना, अशक्त चार्जर लावला की व्होल्टेज खाली जाते, पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह चमकते आणि यंत्र मध्येच अडखळते. दोष बोर्डाला दिला जातो, गुन्हेगार चार्जर असतो. चौथ्या आवृत्तीला ५ व्होल्ट ३ अँपिअर आणि पाचवीला ५ व्होल्ट ५ अँपिअर क्षमतेचा अडॅप्टर सांगितलेला आहे, तोच घ्यावा. एसडी कार्ड हे छायाचित्रे साठवण्यासाठी जन्मले आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या सततच्या बारीकसारीक लेखनाने ते झिजते, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर आतील मांडणी बिघडते. आपल्याकडे वीज न सांगता जाते हे लक्षात घेता यूएसबीला जोडलेली एसएसडी आणि लहानशी बॅटरी हा खर्च टाळू नये. आणखी एक गंमत म्हणजे चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या या बोर्डांत बंद असताना वेळ राखणारे घड्याळच नाही. इंटरनेट नसलेल्या खोलीत दुसऱ्या दिवशी ते चालू केले की ते जुन्याच तारखेत जागे होते. पाचव्या आवृत्तीत घड्याळाचे मंडल आले, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

मराठीचे काय? इथे वार्ता चांगली आहे. प्रोग्रॅम प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा कम्पाइल करावा लागतो; फॉन्ट मात्र आज्ञा नसतो, तो अक्षरांच्या आकृतींचा संच असतो. त्यामुळे लोहित देवनागरी फॉन्टचे जे पॅकेज इंटेलवर चालते तेच जसेच्या तसे आर्मवर चालते. या लोहित फॉन्टच्या जडणघडणीत रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. जोडाक्षरे नीट जुळवणारी हार्फबझ ही संहिता मुक्त असल्याने तीही आर्मवर सुखाने नांदते. इनस्क्रिप्टची मांडणी निवडली की लिब्रेऑफिसमध्ये शुद्ध मराठी टंकता येते. यासाठी कोणत्याही कंपनीला ‘मराठीसाठी एक वेगळी आवृत्ती काढा’ अशी विनंती करावी लागली नाही.

या संदर्भात आपल्या देशातील एका प्रयत्नाचे स्मरण उचित ठरेल. रास्पबेरी पायच्या दशकभर आधी, २००१मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोअर या कंपनीतील अभियंते यांनी सिम्प्युटर या स्वस्त हातसंगणकाचा नमुना सादर केला होता. त्यात आर्म जातीचाच स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता आणि ऑपरेटिंग सिस्टीम लिनक्स. २००४मध्ये तो बाजारात आला, पण अपेक्षित प्रसार झाला नाही. कल्पना काळाच्या पुढे होती, यंत्रही चांगले होते. रास्पबेरी पायला लाभला तसा, रात्री घरी बसून त्यासाठी सॉफ्टवेअर जुळवणाऱ्या हजारो हातांचा पसारा त्याच्याभोवती उभा राहिला नाही.

म्हणून बोर्ड निवडताना प्रोसेसरचे आकडे पाहण्याआधी लिनक्सच्या मुख्य संहितेत त्याचा नकाशा जमा झाला आहे का, एवढे विचारावे. विक्रेत्याच्या पानावर एकच जुनी फाइल उतरवायला ठेवलेली असेल, तर निम्म्या किमतीतही ते महाग आहे. २०१२च्या त्या पहिल्या ३५ डॉलरच्या बोर्डाची स्थिती याउलट आहे. रास्पबियनचे नाव २०२०मध्ये रास्पबेरी पाय ओएस असे झाले, २०२२मध्ये तिचे ६४-बिट रूप आले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती निघाल्यावर त्याच वर्षी तिच्यावर आधारलेली नवी आवृत्तीही आली. ३२-बिट यंत्रांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी उलटणार होते. या आवृत्तीत त्या यंत्रांसाठीही वेळ मोजण्याची पद्धत ६४-बिटची करण्यात आली आहे. तिचे ३२-बिट रूप एसडी कार्डावर उतरवून २०१२च्या बोर्डात घातले, तर सावकाश का होईना, ते सुरू होते.